आगोटीला भरलेले प्रोसेसर

कोकणातल्या राजिवड्याच्या अली होडेकरने उभ्या आयुष्यात एकच पण केला, आणि तो बायकोसमोर, घराच्या पडवीत उभं राहून केला. पुन्हा परदेशात पाऊल टाकणार नाही. असा पण करायला तसं काही लागत नाही, जीभ हलवली की झालं. तो पाळताना माणसाचं काय काय होतं, ते अलीला पुढे तीन वर्षांनी कळलं.

त्या पणामागे कारण होतं. अली बारा वर्षं दोह्याला एका गोदामात स्टोअरकीपर होता. दोन वर्षांतून एकदा रजा. त्याची मुलगी समरीन जन्मली तेव्हा तो तिकडे, रांगली तेव्हा तिकडे, चालायला लागली तेव्हाही तिकडेच. मधली एक रजा हुकली, आणि त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं ते ती अडीच वर्षांची असताना. बाहुली घेऊन तो दारात उभा, तर पोर आईच्या ओढणीआड. आठ दिवसांनी जेवता जेवता तिने सगळ्यांसमोर विचारलं, "अम्मी, ह्यो पावणा कवा जानार?"

सगळं घर हसलं. अलीही हसला. मग हात धुवायच्या निमित्ताने परसात गेला आणि विहिरीच्या काठावर बसून रडला. त्याने ते कोणाला सांगितलं नाही. त्याच्या बायकोला, शमीमला, ते न सांगता कळलं.

१९९८ साली तो बाडबिस्तरा गुंडाळून परत आला. तिकडे गोदामात संगणक शिकला होता, हात चांगला बसला होता. मारुती मंदिराजवळ एका जिन्याखाली गाळा घेतला आणि संगणक जोडून विकायला लागला. सुटे भाग मुंबईहून आणायचे, इथे जोडायचे, वर्षभर दुरुस्तीची हमी द्यायची. साधी यंत्रं सगळेच विकत होते. अलीचा जीव जडला तो तगड्या यंत्रांवर. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी जुळवणारे, इमारतींचे नकाशे काढणारे कंत्राटदार, अशी मंडळी त्याच्याकडे यायची आणि म्हणायची, अलीभाई, वेगात पळणारं द्या. तसं यंत्र म्हणजे मुख्यतः त्यातला प्रोसेसर. आगपेटीएवढा चौकोनी तुकडा, पण यंत्राचं डोकं तेच आणि किमतीतला मोठा वाटाही त्याचाच.

तीन वर्षं बरी गेली. संध्याकाळी गाळा बंद करून अली घरी यायचा तेव्हा समरीन पडवीत वही घेऊन बसलेली असायची. "पप्पा, आज किती जोडलेत?" ती विचारायची. कधी एक, कधी एकही नाही. त्या प्रश्नासाठी अली रोज घरी जात होता म्हटलं तरी चालेल. तिने त्याला पावणा म्हटलेलं ती कधीच विसरून गेली होती. तो विसरला नव्हता.

आता अलीच्या बापाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यापासूनच सुरू झालं. बाबांनी पन्नास वर्षं सुक्या मासळीचा धंदा केला. बोंबील, जवळा, खारवलेले बांगडे, आणि सगळ्यांत महाग म्हणजे सोडे, सोलून वाळवलेली कोळंबी. मिरकरवाड्यापासून दाभोळपर्यंत त्यांना सोडेवाले बाबा म्हणून ओळखायचे. त्यांच्या धंद्याचा कणा म्हणजे आगोट. पावसाच्या तोंडाशी, मे महिना सरताना, कोकणातलं प्रत्येक घर चार महिन्यांची बेगमी करतं, आणि व्यापारी तर कोठारंच भरतो. मेमध्ये मासळी अमाप, म्हणून माल मातीमोलाने मिळतो. मग पाऊस लागतो, होड्या किनाऱ्यावर ओढतात, आणि भाव चढायला लागतो. श्रावणात हिंदू गिऱ्हाइकं मासळी सोडतात तेव्हा जरा थबकतो, पण गौरी-गणपती उरकले की तीच गिऱ्हाइकं उपाशी माणसासारखी तुटून पडतात. तेव्हा विकायचं. तोवर माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यांना हात लावायचा नाही. पन्नास वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता, आणि न चुकलेल्या हिशेबासारखी धोक्याची दुसरी वस्तू नाही.

अलीच्या डोक्यात आगोट शिरली ती २००० सालच्या जुलैत. दरड कोसळून रस्ता बंद, रेल्वे बंद, मुंबईचं पार्सल पाच दिवस अडकलं. आंब्याच्या कारखान्याची तीन यंत्रांची मागणी होती, ती कोल्हापूरच्या माणसाने पळवली. बाबा त्या दिवशी एवढंच म्हणाले, "पावसात येनाऱ्या मालावर धंदा करतात व्हय रे? माल घरात हवा."

त्यानंतरच्या एप्रिलात बातमी आली. अमेरिकेतल्या प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. एकीचा पेंटियम, दुसरीचा अ‍ॅथलॉन. एकीने भाव उतरवला की दुसरी त्याच्याखाली उतरवणार, असं चाललं होतं. नवा पेंटियम फोर एका झटक्यात जवळजवळ निम्म्यावर आला. अली हरखून गेला. त्याने जेवताना बाबांना सगळं समजावून सांगितलं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं ताट धुरकट दिसायचं, पण धंद्याचं बोलणं निघालं की कान तिखट.

"म्हंजे मासळी उदंड झालीय," बाबा म्हणाले. "ह्यो त्यांचा मे महिना. होड्या वर कवा येतात त्यांच्या?"

"त्यांना पाऊस नाय, बाबा. कारखाने हाईत ते."

"पाऊस सगळ्यांना असतो," बाबा म्हणाले. "तोट्यात किती दिस इकतील? येक दमेल, मग दुसरी चढवील. तवा तुझ्या माळ्यावर माल हवा."

आता यात चूक कुठे होती ते सांगा पाहू. बोलणं सोळा आणे शहाण्या माणसाचं होतं. शमीम भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली की, सगळ्याच्या सगळ्या पैशांचं नका आणू. पण दोघे होडेकर एकदा धंद्याचं बोलायला लागले की घरातल्या बाईचं बोलणं त्यांना चुलीच्या धुरासारखं वाटायचं. असायचंच ते, त्याकडे कोण बघतं?

मेच्या शेवटच्या आठवड्यात अलीने दोह्याची सगळी शिल्लक उचलली आणि मुंबईहून चाळीस प्रोसेसर आणले, चौदा हजारांना एक. आपण भारी हुशार, असंही त्याला वाटलं, कारण वीस पेंटियम घेतले आणि वीस अ‍ॅथलॉन. कोणीही हरो, कोणीही जिंको, आपण वरच. गाळ्यात ओल यायची, म्हणून बाबांनी आपला सोड्यांचा सगळ्यांत चांगला पत्र्याचा डबा काढून दिला. शमीमने तो धुण्याच्या सोड्याने तीनदा धुतला. तळाशी ओल शोषायला कळीच्या चुन्याची पुरचुंडी, वर भाताचा कोरडा तूस, त्यात चाळीस डब्या, आणि झाकणाच्या कडेने मेण. बाबांनी स्वतः बोटाने मेण चाचपून पाहिलं. मग डबा माळ्यावर चढला.

इतकं धुऊनही वास राहिलाच. लांज्याच्या एका कॅसेटवाल्याने जूनमध्ये पेंटियमची डबी उघडली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "अलीभाई, ह्यात कोळंबी पन भरतात काय?" दोघंही हसले. अलीचं त्या पावसातलं ते शेवटचं मनापासूनचं हसू.

जूनअखेर मुंबईच्या घाऊकवाल्याचा फोन आला. दर सोमवारी यायचा, नवे भाव सांगायला. पूर्वी अली त्या फोनची वाट पाहायचा. त्या दिवशी घाऊकवाला म्हणाला, साडेबारा. दोन आठवड्यांनी म्हणाला, साडेअकरा. अलीने रिसीव्हर ठेवला आणि वहीत मांडलं: आठ नग गेले, बत्तीस उरले.

त्याच सुमाराला एका इंजिनिअरिंग कॉलेजने पंधरा तगडी यंत्रं मागितली. नकाशे शिकवण्यासाठी हवी होती, दरपत्रकं मागवली होती. गावात अलीखेरीज रितेश म्हणून एक पंचविशीतला मुलगा हा धंदा करायचा. त्याच्याकडे दुकान नव्हतं, कपाट नव्हतं, माल म्हणून एक स्क्रूसुद्धा नव्हता. गिऱ्हाइकाने पैसे ठेवले की बस पकडायची, मुंबईला उतरायचं, त्या दिवसाच्या भावाने घ्यायचं आणि परतायचं. अली त्याला मनातल्या मनात भिकारी म्हणायचा. रितेश साडेअकराच्या हिशेबाने दर लावणार हे उघड होतं. अलीला नग विकायचे असतील तर प्रत्येकी अडीच-तीन हजार तोटा सोसायला हवा होता. पण निदान पंधरा नग सुटले असते.

तो बाबांपाशी बसला. बाबांनी ऐकून घेतलं. "वायच थांब," ते म्हणाले. "श्रावणात भाव बसतोच. गनपती जाऊ देत."

अली शिकलेला होता, जग पाहिलेला होता. प्रोसेसर आणि श्रावण यांचा काही संबंध नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो थांबला. भ्यालेला माणूस बापाच्या शब्दाला धरून बसतो. ते काम रितेशला गेलं. मात्र कॉलेज सरकारी रीतीने चालणारं, पैसे सप्टेंबरशिवाय सुटणार नव्हते, त्यामुळे रितेशही माल न आणता बसून राहिला. तो बसून कमावत होता आणि अली बसून बुडत होता.

ऑगस्टअखेर, गौरी-गणपतीच्या त्याच आठवड्यात, सोमवारी फोन वाजला. घाऊकवाल्याने आकडा सांगितला. अलीला वाटलं, जुन्या मालाचा सांगतोय. त्याने पुन्हा विचारलं. सात हजार. दोन्ही कंपन्यांनी पाठोपाठ उतरवले होते. तेही आज घेतलेत तर, असं घाऊकवाला पुढे म्हणाला.

बाहेर कोणाच्या तरी गणपतीची आरती चालली होती. अली खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. पाऊस तोंडावर घेत तो भाट्याच्या पुलापर्यंत चालत गेला आणि तसाच परत आला. काय करावं ते सुचत नव्हतं आणि काही न करणं सोसत नव्हतं. पैसे गेले याचं दुःख होतंच, पण त्याला चालायला लावत होतं ते दुसरंच. कराराचे अठ्ठेचाळीस महिने, साठ महिने, पुन्हा तिकडची ती खोली, सहा खाटा, शुक्रवारचा फोन. हे सगळं त्याला दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मुंबई गाठून घाऊकवाल्यासमोर उभा राहिला. निदान अर्धा माल परत घ्या म्हणून त्याने हात जोडले. घाऊकवाला माणूस वाईट नव्हता, त्याने चहा मागवला. मग आपली गोदामाची खोली उघडून दाखवली. खोलीत एक मोडकी खुर्ची आणि रिकामे खोके. "मी सोमवारी घेतो, बुधवारी माझ्याकडे काही नसतं," तो म्हणाला. "तुम्ही तीन महिने ठेवलंत?" त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, आश्चर्य होतं, आणि अलीला तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर त्याने बाबांना भाव सांगितला नाही. "वायच खाली हाय," एवढंच म्हणाला. शमीमला मात्र सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, सोन्याच्या बांगड्याही काढून पुढे केल्या नाहीत. तिने फक्त विचारलं, "अजून खाली जाईल?"

"ठाऊक नाय."

"तुमाला ठाऊक नाय, बाबांना ठाऊक नाय. मग कोणाला ठाऊक हाय ते तरी इचारा," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

अलीला उत्तर मिळालं ते बाजारात. होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या. भर दुपारी तो मिरकरवाड्याला घरासाठी मासळी घ्यायला गेला. हौसा नावाची म्हातारी मासेवाली त्याच्या बापाच्या वेळेपासून तिथे बसायची. सकाळी अडीचशेला सांगितलेली पापलेटं ती एका हॉटेलवाल्याला सत्तरला देत होती. अलीने विचारलं, इतकं उतरवतेस, परवडतं का?

"बर्फ संपला," हौसा म्हणाली. "आता घरी नेऊन काय त्यांची पूजा घालू? तुझा बाप सुक्यातला. त्याला ताज्याचं दुखणं काय कळनार?"

अली पिशवी घेऊन तिथेच उभा राहिला. तीन महिने आपण ताजं पापलेट सोड्यांच्या डब्यात घालून, मेण लावून माळ्यावर ठेवलं होतं. भाव चढायची वाट पाहत होतो, आणि आत माल रोज नासत होता. बाबा चुकले नव्हते, ते सुक्यातले होते. शहाणा आपण होतो, दोन्ही धंदे पाहिलेला, आणि आपल्याला कळलं नाही. त्याला स्वतःची अशी किळस आली की मासळी न घेताच तो मागे फिरला.

तडक तो रितेशकडे गेला. ज्याला भिकारी म्हटलं त्याच्याच दारात. "बत्तीस नग हाईत," अली म्हणाला. "मुंबईच्या भावापेक्षा पाचशे कमी. कॉलेजला लाव, बाकीचे जिथं जातील तिथं दे."

रितेशने मान खाली घातली. "अलीभाई, पुढच्या सोमवारी काय भाव असेल ठाऊक नाही," तो म्हणाला. "हजार कमी करा."

अलीने हजार कमी केले. तीन आठवड्यांत सगळे बत्तीस गेले, दोनदोन, चारचार करून. नमाजाला बाबा मशिदीत गेले की अली माळ्यावर चढायचा, मेण सोडवायचा, डब्या काढायचा आणि पुन्हा मेण लावायचा. आपल्याच घरात चोरी करायची पाळी आली होती. शेवटची डबी काढली त्या दिवशी त्याने झाकण नीट बसवलं, कडेने जाड मेण लावलं आणि रिकामा डबा होता तिथेच ठेवला. बाबांना सांगायचं धैर्य त्याला झालं नाही. पन्नास वर्षांचा न चुकलेला हिशेब, तो शेवटी मुलाच्या घरात चुकला, हे त्या डोळे गेलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आलेले पैसे गाळ्याचं थकलेलं भाडं, पावसाभरची उधारी, घरखर्च आणि हमीतल्या यंत्रांचे सुटे भाग यांत गेले. उरलं ते एका विमान तिकिटापुरतं. चुलतभावाने दुबईच्या देरा भागात नोकरी पाहिली. रमजानच्या आठ दिवस आधी अली निघाला. पडवीत, जिथे पण केला त्याच जागी, शमीमने त्याची बॅग आणून ठेवली. दोघांनीही त्या पणाचं नाव काढलं नाही. समरीन नऊ वर्षांची होती, सगळं समजत होतं. तिने विचारलं, "पप्पा, कवा येनार?" सात वर्षांपूर्वी ती कवा जानार म्हणाली होती. अलीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो रिक्षात बसला.

बाबा मात्र खुशीत होते, भाव चढेपर्यंत पोर तिकडे चार पैसे कमावून येईल असं त्यांनी धरलं होतं. "मालाची काळजी करू नको," ते दारातून म्हणाले. "मी हाय."

दुबईत अलीला काम मिळालं तेही संगणकांच्याच गोदामात. तिथे प्रोसेसरचे खोके सकाळी उतरायचे आणि संध्याकाळी गेलेले असायचे. एखादा खोका दुसऱ्या दिवशी दिसला तर साहेब बोलवून जाब विचारायचा. अलीची कधी चूक निघाली नाही. इतका दक्ष स्टोअरकीपर साहेबाने पाहिला नव्हता.

शुक्रवारी तो गोदामातूनच घरी फोन करायचा. पुढच्या मे महिन्यातल्या एका शुक्रवारी समरीनने फोन उचलला आणि आवाज बारीक केला.

"पप्पा, आजा रोज डबा खाली काढायला लावतात. हलवून बगतात. मी त्यात चिंचोके भरलेत, गाळ्यातल्या तुमच्या जुन्या रिकाम्या डब्यांत घालून. वरनं मेण पन लावलं."

"अम्मीला ठाऊक हाय?" अलीने विचारलं.

"अम्मीनंच मेण तापवून दिलं. आनि आजा भाव इचारतात ना, तर मी पेपर वाचून सांगते. चढलाय म्हनून सांगते."

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला, आणि फोन बाबांच्या हातात गेला.

"अली, ऐक. आगोट जवळ आली, नव्या मालानं भाव पडंल. पोरगी पेपर वाचते रोज, भाव चढलाय म्हनते. माझ्या हिशेबानं दीडपट झाला असंल. माल तसाच हाय, मी कोनाला हात लावू दिला नाय. आता थांबू नको. ये आनि इकून टाक. पोर वाट बगते तुझी."

गोदामाच्या भिंतीवर त्या सकाळचे नवे भाव लावलेले होते. ज्या पेंटियमला त्याने चौदा हजार मोजले होते, त्याचं नाव यादीतूनच गेलं होतं. आता तो कोणी विकतही नव्हतं.

"वायच थांबू, बाबा," अली म्हणाला. "अजून चढंल."